नाताळ, गुहागर आणि पांढरी टोपी

भाऊबीजेला, ३ नोव्हेंबर २०२४ ला, जेवणं उरकून आम्ही ओसरीत बसलो होतो. लेक म्हणाली, "आई, या नाताळात सगळे मिळून समुद्रावर जाऊ या. पोरांच्या शाळेला सुट्टी आहे, आजीही अजून हिंडती-फिरती आहे." मी पटकन हो म्हणून गेले. रात्री अंथरुणावर पडल्यावर बोटं मोजली. आम्ही दोघं, सासूबाई, मुलगा-सून आणि त्यांची दोन, लेक-जावई आणि त्यांची दोन. अकरा जण. सगळ्यांत मोठ्या सासूबाई, वय ८४. सगळ्यांत धाकटी लेकीची तान्ही, तेव्हा आठ महिन्यांची, प्रवासाला निघेपर्यंत दहा महिन्यांची होणार होती. मधले तीन म्हणजे सात वर्षांचा थोरला, पाच वर्षांचा मधला आणि तीन वर्षांची चिमणी.

आमच्या साताऱ्यात असा घाट घालायची इच्छा पुष्कळ घरांत असते आणि म्हाताऱ्या माणसांचं कसं करायचं, या प्रश्नावर गाडी अडते. म्हणून आमचं कसं झालं ते तारखांसकट लिहिते आहे.

ठिकाण ठरवताना आम्ही एकच अट घातली. घरापासून गाडीत बसून पाच-सहा तासांत पोचता आलं पाहिजे, कारण सासूबाईंची कंबर त्यापुढे साथ देत नाही. तारकर्ली, गोवा तिथेच बाद झाले. साताऱ्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर, साधारण पावणेदोनशे किलोमीटर. गुहागर ठरलं.

खोल्यांसाठी फोन करायला ५ नोव्हेंबरला बसले तेव्हा कळलं, की नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा लोक दिवाळीच्या आधीच धरून ठेवतात. सहा ठिकाणी नकार आला. सातव्या ठिकाणी तीन खोल्या मिळाल्या, ५,००० रुपये आगाऊ पाठवले. मग २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान करून आम्ही घरी आलो आणि त्यांचाच फोन आला: "खोल्या चुकून दोघांना दिल्या गेल्या, तुमचं जमणार नाही." मी खुर्चीत तशीच बसून राहिले. लेकीची बसची तिकिटं काढून झाली होती. आगाऊ रक्कम परत यायला १९ दिवस लागले आणि तेवढ्यात मी पाच वेळा फोन केले. तेव्हापासून मी एक पाळते. पैसे पाठवले की त्याच क्षणी तारखा, खोल्यांची संख्या, दर आणि रद्द झाल्यास पैसे कधी परत मिळणार, हे चार मुद्दे व्हॉट्सअॅपवर लिहून त्यांच्याकडून "हो" असं उत्तर मागवायचं. बोलण्यावर राहायचं नाही.

दुसरी जागा ह्यांच्या बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने २४ नोव्हेंबरला मिळाली. गुहागरमधल्या वरचा पाट या भागात, दुर्गादेवीच्या देवळापासून चालत जाण्यासारखं घर. मागे नारळी-पोफळीचं आगर, आगर संपलं की सुरूचं बन आणि बनाच्या पलीकडे समुद्र. घरमालक काका-काकू तिथेच राहतात आणि जेवण काकूंच्या हातचं. एरवी खोलीचा दर दोन हजार, नाताळात २,८००. या वेळी मी आधीच कागदावर प्रश्न लिहून घेतले होते. तळमजल्यावर खोली आहे का? संडास कमोडचा आहे का, आणि त्याच्याजवळ धरायला काही आहे का? दारात पायऱ्या किती? रात्री वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? तान्हीसाठी पाणी उकळून मिळेल का? काकूंनी न कंटाळता उत्तरं दिली. पायऱ्या तीन, कमोड आहे पण धरायला काही नाही. म्हणून आम्ही साताऱ्यात २,१०० रुपयांची घडीची कमोड खुर्ची घेतली, तिला दोन्ही बाजूंना हात असतात. अख्ख्या खर्चात सर्वांत कारणी लागलेले पैसे ते. सासूबाई रात्री दोनदा उठतात आणि त्यांना मला हाक मारावी लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

गाडीचं गणित मात्र मला कुणी आधी सांगायला हवं होतं. सासूबाईंचं म्हणणं होतं, "मला एसटी फुकट आहे, गाडी कशाला करताय?" पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीत तिकीट लागत नाही, हे खरं आहे आणि त्या हक्काचा त्यांना फार अभिमान आहे. पण चार पोरं आणि सतरा पिशव्या घेऊन ते जमणारं नव्हतं. एसटीची प्रासंगिक कराराची गाडी अकरा माणसांना फारच मोठी. शेवटी तेरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर पाहिली. दर किलोमीटरला २४ रुपये, पण दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरणार आणि चालकाचा भत्ता रोज ५००. चार दिवस गाडी ठेवली तर ३०,८०० रुपये होत होते आणि त्यातले मधले दोन दिवस गाडी आगराच्या कुंपणाला नुसती उभी राहणार होती. मग ह्यांनी विचारलं, की सोडून जा आणि न्यायला परत या, त्याचे किती? दोन फेऱ्या, प्रत्येकी ३५० किलोमीटर आणि दोन दिवसांचा भत्ता मिळून १७,८००. म्हणजे तेरा हजार वाचले. गाडी ठरवायच्या आधी परमिट, फिटनेस, विमा आणि पीयूसीच्या कागदांचे फोटो मागवले. मालकाने कुरकुर केली नाही. केली असती तर दुसरी गाडी बघितली असती.

१६ डिसेंबरला सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब तपासला, गोळ्या आठ दिवसांच्या जास्त घेतल्या आणि चिठ्ठीचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवला. घाटात उलट्या होतात म्हणून थोरल्यासाठी आणि चिमणीसाठी औषध लिहून घेतलं, वजनाप्रमाणे किती द्यायचं तेही. सगळ्या मोठ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्सचा एक गठ्ठा वेगळा केला. उतरल्यावर नोंदवहीत लिहायला त्या लागल्याच.

आता एक नाजूक गोष्ट. मार्गशीर्ष होता. २०२४ मध्ये मार्गशीर्षातले गुरुवार ५, १२, १९ आणि २६ डिसेंबर असे चार आले. माझा महालक्ष्मीचा वसा आहे, तीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही. शेवटचा गुरुवार, उद्यापनाचा, नेमका २६ तारखेला म्हणजे गुहागरात, आणि त्याच दिवशी सफला एकादशी. सासूबाईंना एकादशी. जावयांना कोकणात जाऊन मासे खायचे होते, आणि आमच्या घरात मार्गशीर्षभर सामिष शिजत नाही. मी दोन रात्री झोपले नाही. मनात येत होतं, की माझ्या वशासाठी एवढ्यांच्या सुट्टीत अडसर कशाला. शेवटी काकूंनाच फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, माझाही गुरुवार असतो. माझ्याकडे चौरंग आहे, कलश आहे, नारळ तर झाडाला आहेत. आपण दोघी मिळून मांडू." माझे डोळे भरून आले. माशांचं असं ठरलं, की काकूंचं घर शाकाहारी, म्हणून २५ तारखेला मुलगा-जावई बाजारातल्या खानावळीत जाऊन येतील.

लेक २३ ला सकाळी बंगळूरहून रात्रीच्या स्लीपर बसने बॉम्बे रेस्टॉरंट चौकाजवळ उतरली. मुलगा-सून संध्याकाळी स्वारगेटहून एसटीने आले. रात्री घरात अकरा अंथरुणं पडली. किती वर्षांनी.

२४ ला सकाळी साडेसातला निघालो. शेंद्र्यापासून पुढे महामार्गाचं सहापदरीचं काम चालू होतं, त्यामुळे नागठाणे-अतीतपर्यंत गाडी रांगतच गेली. उंब्रजला उजवीकडे वळलो, म्हणजे तासवड्याचा टोल लागत नाही, आणि मल्हारपेठेवरून पाटणला आलो. मुलांना सकाळी दूध दिलं नव्हतं, फक्त कोरडा खाकरा आणि केळं. दूध पाजून घाट चढवायचा नाही, हे मी माझी दोन पोरं वाढवताना शिकले होते.

कोयनानगरला नेहरू उद्यानात थांबलो. तिथून धरण समोर दिसतं. खरं तर प्रसाधनगृहासाठी आणि तान्हीला भरवण्यासाठी थांबा ठेवला होता, पण सासूबाई गाडीतून उतरल्या, कठड्याजवळ गेल्या आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग थोरल्याला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुझा आजोबा नऊ वर्षांचा होता. पहाटे सगळी भांडी फडताळातनं खाली आली. मी याला काखेत मारला आणि अंगणात धावले. उजाडेपर्यंत कुणी घरात गेलं नाही." ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. कोयनानगर तर त्यात उद्ध्वस्तच झालं होतं. लग्नानंतर ४० वर्षांत मी हे त्यांच्या तोंडून इतकं सविस्तर ऐकलं नव्हतं. ह्यांनीही नाही. हे नुसते आईच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. ठरवलेला अर्ध्या तासाचा थांबा सव्वा तासाचा झाला आणि कुणीही घड्याळ काढलं नाही.

थोरल्याने विचारलं, हे पाणी कुठे जातं? ह्यांनी त्याला समजावलं. नदी म्हणून कोयना कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळते. पण धरणातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेतात, पोफळीच्या बाजूला त्याच्यावर वीज तयार करतात आणि ते वाशिष्ठी नदीत सोडतात. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाऊन समुद्राला मिळते. "म्हणजे आपण जातोय तिथेच?" "तिथून थोडं वरच्या अंगाला." पुढचे तीन दिवस प्रत्येक लाट आली की हा विचारायचा, "आजोबा, यात आपलं पाणी किती?"

कुंभार्ली घाटात चिमणीला एकदा उलटी झालीच. पिशव्या, ओले रुमाल आणि बदलायचे कपडे मागे सामानात न टाकता हाताशी ठेवले होते, त्यामुळे पाच मिनिटांत निस्तरलं. बहादूर शेख नाक्यावर गर्दीत अर्धा तास गेला. मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत अडीच वाजता गुहागरला पोचलो. काकूंनी आमटी-भात तयार ठेवला होता. सोलकढी पिऊन सासूबाई आडव्या झाल्या त्या साडेपाचला उठल्या.

काकांनी संध्याकाळी पडवीत बसवून आम्हाला भरतीचा हिशोब शिकवला. पंधरवड्यातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्या दिवशी वद्य नवमी, नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी पावणेसातच्या आसपास पूर्ण भरती आणि मध्ये दुपारी एकच्या सुमाराला ओहोटी. रोज भरती पाऊण-एक तास पुढे सरकते. "पोरांना चढत्या पाण्यात न्या, उतरत्या पाण्यात नाही. ओहोटी पायाखालची वाळू ओढून नेते. आणि मोठ्यांच्या गुडघ्याच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही, कितीही शांत दिसलं तरी." काका सत्तरीचे, सगळा जन्म त्या किनाऱ्यावर गेलेला. आम्ही तीन दिवस त्यांच्या शब्दाबाहेर गेलो नाही. रोज साडेचार ते सहा एवढाच समुद्र. दुपारी उन्हात कुणालाही नेलं नाही.

मधल्याला एकच चिंता होती. गुहागरला सांताक्लॉज येणार कुठून? बंगळूरच्या शाळेत त्याला सांगितलं होतं, की तो धुराड्यातून येतो. सासूबाई म्हणाल्या, "आगरातनं येईल मागच्या दारानं. मी कडी काढून ठेवते." सुरूची एक पडलेली फांदी काकांनी बादलीत वाळू भरून उभी करून दिली. सुरूला बोराएवढी खरखरीत फळं असतात, ती आणि शिंपले दोऱ्यात ओवून मुलांनी लावले. २५ ला सकाळी त्या बादलीपाशी चार पुडकी होती, कागदात नाही तर पोफळीच्या विरीत बांधलेली. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचं ते रुंद, कातड्यासारखं बूड. ती कल्पना काकूंची. भेटवस्तू अर्ध्या तासात बाजूला पडल्या. मग विरीवर एकाने बसायचं आणि दुसऱ्याने शेंडा धरून ओढायचं, हा खेळ दुपारपर्यंत चालला.

त्या संध्याकाळी जे झालं ते लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला.

किनाऱ्यावर नाताळची गर्दी होती. पाणी चढत होतं, तसतशी वाळूची पट्टी अरुंद होत होती आणि माणसं एकमेकांजवळ सरकत होती. मुलगा-जावई थोरल्याला घेऊन पाण्यात, सून शहाळी आणायला, लेक तान्हीला दूध पाजायला बनात. मधला आणि चिमणी माझ्यापाशी वाळूत खेळत होते. चिमणीच्या चपलेचा पट्टा अडकला म्हणून मी वाकले. गुडघ्यामुळे मला वाकून उठायला वेळ लागतो. उठले तर मधला नाही.

आधी वाटलं मामाकडे गेला असेल. नव्हता. हाक मारली, आवाज लाटांतच राहिला. त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. चिमणीला मी घट्ट धरलं होतं, एवढं आठवतं, आणि नजर सारखी पाण्याकडे जात होती. मुलगा उत्तरेला पळाला, जावई दक्षिणेला. दहा-बारा मिनिटांनी मुलगा त्याला कडेवर घेऊन बनाच्या कडेने आला. लाल टोपी घातलेला एक माणूस दिसला, मामानेही सकाळपासून तशीच टोपी घातली होती, म्हणून हा त्याच्यामागे चालत गेला. नाताळ होता, किनाऱ्यावर पन्नास लाल टोप्या होत्या. कोल्हापूरकडच्या एका बाईंनी त्याला रडताना पाहिलं आणि हात धरून एका जागी उभं केलं. त्याला आईचं नाव सांगता येत होतं, फोन नंबर येत नव्हता. त्या बाईंचं नावही आम्ही गडबडीत विचारलं नाही.

रात्री जेवताना लेक एक शब्द बोलली नाही. मीही नाही. सगळे झोपल्यावर ती पडवीत माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, मी तुला विचारलंच नाही, की दोघं एकदम तुला झेपतील का." मी म्हटलं, "आणि मीही सांगितलं नाही, की झेपणार नाहीत." ही गोष्ट आम्ही आजी-आजोबा करतो. नातवंडं वर्षातून दोनदा भेटतात, त्यात आपण कमी पडलो असं दिसू नये म्हणून "राहू दे माझ्याकडे" म्हणतो. गुडघा दुखतो हे मी चार महिने लेकीपासून लपवलं होतं. त्या रात्री ते सगळं बोलले, आणि खूप हलकं वाटलं. ती माझा गुडघा चोळत बसली.

सकाळी उपाय सासूबाईंनी काढला. ह्यांनी देवदर्शनासाठी गांधी टोपी बरोबर आणली होती. त्या म्हणाल्या, "ज्याच्या डोक्यावर ही टोपी, त्याच्या अंगावर पोरं. मोबाईल नाही, गप्पा नाहीत. द्यायची तर तोंडानं सांगून द्यायची." एवढ्या किनाऱ्यावर पांढरी टोपी एकच, लांबून ओळखू येणारी. त्या क्षणापासून टोपी फिरायला लागली. सुनेने घातली, जावयांनी घातली, लेकीने वेणीवर घातली. देताना "आता तुझ्याकडे" म्हणायचं आणि समोरच्याने "माझ्याकडे" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. माझ्या वाट्याला ती आली तेव्हा एकच मूल, तेही पाण्यापासून लांब. शिवाय प्रत्येकाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला पेनाने दोन फोन नंबर. बॉलपेनचे आकडे पाण्याने जातात, काकूंकडचं कपड्यांवर खूण करायचं पेन चाललं.

२६ तारखेचा गुरुवार मला जन्मभर आठवेल. काकूंनी पडवीत चौरंग मांडला. कलशावर त्यांच्या आगरातला नारळ, भोवती पाच झाडांच्या डहाळ्या, त्या आगरातूनच थोरल्याने आणि मधल्याने गोळा केलेल्या. काकूंनी आणि मी आळीपाळीने कहाणी वाचली, पोरं मांडी घालून ऐकत होती. बाजूला बादलीत सुरूची फांदी शिंपल्यांसकट तशीच होती, ती कुणी हलवली नाही. उद्यापनाला शेजारच्या पाच सवाष्णी आल्या. एकादशी असल्यामुळे दूध आणि केळी दिली, हळदीकुंकू, फळ आणि साताऱ्याहून नेलेले कंदी पेढे. घरी मांडते त्यापेक्षा काही कमी वाटलं नाही. सासूबाईंना वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी होती, पोरांनी तीच मागून खाल्ली.

त्याआधी सकाळी सहा आसनी रिक्षा करून दशभुज गणेशाला हेदवीला जाऊन आलो होतो, येताना वेळणेश्वर, दोन्ही मिळून १,६०० रुपये. हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्रकाठच्या खडकातली अरुंद घळ, जिच्यातून भरतीचं पाणी उंच उडतं, ती पाहायची पुरुषांना इच्छा होती. काकांनी आधीच सांगितलं होतं, की एकादशीला उधाण नसतं, पाणी फारसं उडायचं नाही, आणि खडक निसरडे. पोरांना घेऊन जाऊ नका. नाही गेलो.

सासूबाई तीन दिवसांत समुद्रावर एकदाच आल्या, पाण्याला पाय लावून नमस्कार केला आणि परत गेल्या. त्यांचं मन रमलं ते आगरात. आयुष्यभर शेती केलेली बाई. पोफळीला पाणी किती, मजुरी काय पडते, झाडावर चढणारा गडी मिळतो का, सुपारी वाळायला किती दिवस लागतात, हे सगळं त्यांनी काकांकडून काढून घेतलं. बदल्यात आमच्याकडच्या आल्याच्या लागवडीचं सांगितलं. दुपारभर काकूंबरोबर सुपाऱ्या सोलत बसायच्या आणि त्यांच्याभोवती चारही पोरं, तान्ही सुद्धा चटईवर. समुद्र दीडशे पावलांवर असताना पोरं पणजीपाशी बसलेली पाहून सुनेने मला हळूच दाखवलं. आम्ही आखलेले दोन कार्यक्रम त्याच दुपारी रद्द केले.

तेवढ्या वेळात मीही काही शिकले. आगर म्हटलं की डास आलेच, म्हणून पाच वाजता मुलांना लांब बाह्या चढवायच्या. समुद्रावरून आल्यावर आगरातल्या नळावरच पाय, कपडे, खेळणी धुऊन मग घरात यायचं. तान्हीला वाळूत ठेवताना सुती पातळाची चौपदरी घडी खाली, प्लॅस्टिकची चटई तापते. आणि नाचणीसत्त्व, गूळ, तूप घरून न्यायचं. नव्या जागी बाळ जेवलं नाही तर आईची सुट्टी त्यातच जाते.

शनिवारची गर्दी नको म्हणून २७ ला, शुक्रवारीच निघालो. गाडी पहाटे साताऱ्याहून सुटून साडेनऊला दारात आली, तोच चालक. काकूंनी सासूबाईंना ओटीत नारळ आणि सोललेल्या सुपारीची पुरचुंडी दिली. दोघी एकमेकींच्या पाया पडायला वाकल्या आणि दोघींनी एकमेकींना अडवलं. कोयनेला परतीत थांबलो नाही, सासूबाईंनी खिडकीतूनच हात जोडले. साडेपाचला घरी.

हिशोब मुलाने वहीत लिहिला होता. खोल्या तीन, रात्री तीन आणि जास्तीची एक खाट मिळून २६,४००. जेवणखाण १४,३००. गाडी १७,८००. रिक्षा एकंदर २,२००. शहाळी, खानावळ, औषध, देवस्थान, किरकोळ ३,२००. कमोड खुर्ची २,१००. एकूण ६६,००० रुपये, म्हणजे माणशी सहा हजार. आम्ही निघायच्या आधीच ठरवलं होतं, की गाडी आम्ही दोघांनी द्यायची आणि बाकी मुलगा-लेकीने निम्मं निम्मं. आधी ठरलेलं असल्यामुळे पैशांवरून एकदाही कुणाचा चेहरा पडला नाही.

२८ ला लेक बंगळूरला गेली, रविवारी मुलगा-सून पुण्याला. घर एकदम मोकळं झालं. मी टोपी धुऊन वाळत घातली. तिच्या कडेला पेनाचा एक निळा डाग राहिला आहे, तो निघाला नाही.

एक जानेवारीला मधल्याचा फोन आला. नवीन वर्षाच्या शुभेच्छा वगैरे आईने पढवलेलं सगळं बोलून झालं. मग त्याने विचारलं, "आजी, टोपी आता कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," मी म्हटलं.

"मग पणजीकडे बघ," तो म्हणाला, आणि फोन बहिणीच्या कानाला लावला.